नोव्हेंबरात बोटीने फ्लोरिडाकडे, मधे थँक्सगिव्हिंग मुलाकडे, नाताळ लेकीकडे: बोट कुठे बांधायची आणि गाडीचं काय?

चेसापीककर_काकू

नमस्कार मंडळी, प्रश्न लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

आम्ही दोघं ॲनापोलिसजवळ राहतो. हे गेल्या वर्षी रिटायर झाले, मी त्याच्या आधी दोन वर्षं. आमची ३४ फुटी शिडाची बोट आहे, बारा वर्षं शनिवार-रविवार चेसापीकच्या उपसागरात फिरवली, दोनदा नॉरफोकपर्यंत गेलो, त्याच्या खाली कधीच नाही. यंदा ह्यांनी मनावर घेतलंय की थंडी पडायच्या आत निघायचं, इंट्राकोस्टल वॉटरवेने (किनाऱ्याच्या आतून जाणारा जलमार्ग) फ्लोरिडा गाठायचं आणि मार्चपर्यंत तिथेच राहायचं. मला बोटीचं काही नाही हो, सुकाणू मी ह्यांच्यापेक्षा बरं धरते (हे त्यांनाही मान्य आहे, फक्त चारचौघांत नाही). माझी अडचण कॅलेंडरची आहे.

बघा, यंदा लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला, थँक्सगिव्हिंग २६ला आणि मग नाताळ. मुलगा रालेला असतो, थँक्सगिव्हिंग त्याच्याकडे, सूनबाईंचे आईवडील पण येणारेत, म्हणजे तिथे "वारा उलटा होता म्हणून पोचलो नाही" हे चालायचं नाही. नाताळ लेकीकडे अटलांटाला. नातू ४ वर्षांचा आहे, त्याला ह्यांनी सांगून ठेवलंय की आजोबा बोटीतून येणार. अटलांटाला समुद्र नाही हे त्याला अजून कोणी सांगितलेलं नाही.

ह्यांचा बेत असा की २५ ऑक्टोबरला निघायचं, धडाधड जायचं, थँक्सगिव्हिंगच्या आत सेंट ऑगस्टीन गाठायचं, तिथे बोट मूरिंगला (पाण्यातल्या कायमच्या बॉयाला) अडकवायची आणि भाड्याची गाडी घेऊन वर रालेला यायचं. मी नकाशा उघडून बसले तर सेंट ऑगस्टीन नॉरफोकपासून मैल ७७८ वर! दिवसाला ४०-४५ मैल धरले तरी नुसते चालायचेच १८ दिवस, नॉरफोकपर्यंतचे चार-पाच वेगळे, आणि वाऱ्यापावसात नांगर टाकून बसायचे दिवस कोणी मोजायचे? वर तिथून राले म्हणजे सात-आठ तास उलटं ड्रायव्हिंग.

शिवाय इन्शुरन्सवाल्यांनी लिहून ठेवलंय की १ नोव्हेंबरच्या आधी अमुक अक्षांशाच्या खाली गेलात तर वादळाचं नुकसान तुमचं तुम्ही बघा. त्यामुळे लवकर निघायचीही सोय नाही.

तर अनुभवी लोकांनी सांगा, दोन्ही सणांना बोट कुठे ठेवता येईल, दहा-बारा दिवस तिला एकटं सोडताना काय काय बंद करायचं, आणि आमची स्वतःची गाडी ॲनापोलिसलाच धूळ खात राहणार ती खाली कशी न्यायची. बोट ५ फूट पाण्यात असते, डोलकाठी ॲन्टेनासकट ५१ फूट.

---

नांगर_टाकून_निवांत

काकू, तुमचं बरोबर आहे, आणि हे वाक्य काकांना दाखवू नका नाहीतर उगाच हट्टाला पेटतील.

आम्ही दोघं (मी ६६, बायको ६३) तीन हिवाळे हेच करतोय. पहिल्या वर्षी बेत अगदी काकांसारखा होता. जॅक्सनव्हिलहून विमानाची तिकिटं काढून ठेवलेली, थँक्सगिव्हिंगच्या आदल्या मंगळवारची. ॲल्बेमार्ल साउंडच्या (नॉर्थ कॅरोलायनातली मोठी खाडी) अलीकडे चार दिवस बसलो, नैर्ऋत्येचा वारा हटेचना, आणि ते पाणी उथळ असल्याने थोड्या वाऱ्यानेही लाटा आखूड आणि उभ्या उठतात, दात खिळखिळे होतात. मग ते चार दिवस भरून काढायला रोज अंधार पडेपर्यंत बोट हाकायची. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळं मागे जातात (यंदा तर १ तारखेलाच), त्यानंतर पाचला सूर्य गुल. संधिप्रकाशात खेकड्याच्या पिंजऱ्याचा फ्लोट दिसला नाही, त्याची दोरी पंख्यात गुंडाळली, आणि मी भाजी चिरायची सुरी घेऊन त्या बर्फासारख्या पाण्यात. शेवटी साउथ कॅरोलायनात मिळेल त्या मरीनात बोट घातली, तिकिटं फुकट गेली, मुलाकडे पोचलो तेव्हा टर्कीचं सूप उरलं होतं.

तेव्हापासून आम्ही आधी मुलांचे पत्ते नकाशावर टाकतो आणि मग त्यांच्या जवळचं पाणी शोधतो. तुमचं नशीब असं की दोन्ही पत्ते वाटेवरच आहेत. राले म्हणजे विल्मिंग्टनपासून आय-४० हायवेने सव्वादोन तास. अटलांटा म्हणजे जॉर्जियातल्या ब्रन्सविकपासून साडेचार-पाच तास. सेंट ऑगस्टीन जानेवारीत बघा, काही पळून जात नाही, १५६५ पासून तिथेच आहे.

मी असं करेन. २५ला निघा, नॉरफोकला महिनाअखेर. तिथे हॉस्पिटल पॉइंटसमोर ३६ नंबरचा लाल बॉया आहे, तो मैल शून्य. (हे मैल रस्त्यावरचे मैल आहेत, नॉटिकल नाहीत, बोटीच्या जीपीएस प्लॉटरवर गोंधळ होतो, आधीच बघून ठेवा.) तिथून दोन वाटा फुटतात, एक ग्रेट ब्रिजच्या लॉकमधून (दारं लावून पाण्याची पातळी वर-खाली करतात तो) जाणारी व्हर्जिनिया कट आणि दुसरी डिस्मल स्वॉम्प कॅनॉल. कॅनॉल चालू आहे का ते आधी विचारा, असेल तर डोळे मिटून तिकडून जा. २२ मैल नाकासमोर सरळ, दोन्हीकडे झाडी, पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं, इंजिन थांबवलं की पानं पडल्याचा आवाज येतो. १८०५ला उघडलेला कॅनॉल आहे, गुलाम माणसांकडून हाताने खणून घेतलेला, त्या सरळ रेषेकडे बघताना ते डोक्यातून जात नाही. दोन लॉक, पहिला साधारण ८ फूट वर उचलतो, दुसरा तेवढंच खाली सोडतो. तुमच्या ५ फुटांना पाणी पुरतं, तळाला एखादं बुडालेलं लाकूड थडकलं तर दचकू नका, आमच्या तळाला दरवर्षी थडकतं.

मैल २८ ला वेलकम सेंटर आहे, जगात असं दुसरं मी पाहिलं नाही, एका अंगाला हायवे १७ वरच्या गाडीवाल्यांचं पार्किंग आणि दुसऱ्या अंगाला बोटवाल्यांचा फुकट धक्का. गर्दी असली की बोटी एकमेकींना बांधून झोपायचं. आम्ही तिथे पाचव्या नंबरला होतो, रात्री बाथरूमला जायचं तर चार जणांच्या डेकवरून चोरासारखं.

पुढे एलिझाबेथ सिटी, तिथल्या लोकांनी १९८३ पासून आलेल्या बोटींना गुलाबाचं फूल देऊन स्वागत करायची पद्धत पाडली. मग साउंड ओलांडायचा, त्याला दिवस निवडून घ्या, कोणाच्या सणासाठी त्याला हात लावू नका. दहा तारखेच्या आसपास ओरिएंटल गाव. तिथून विल्मिंग्टनजवळ यायला आरामात पाच-सहा दिवस. म्हणजे २० तारखेला बोट बांधून तुम्ही मोकळ्या, वाटेत चार-पाच दिवस वाऱ्याने खाल्ले तरी राले हुकत नाही.

थँक्सगिव्हिंगनंतर मैल २९० ते ६८०, म्हणजे चारशेच्या आत, दहा दिवस चालायचे आणि हातात तीन आठवडे. चार्लस्टनला दोन दिवस राहा. ब्रन्सविक ३१ अक्षांशाच्या जरासं वर आहे, पॉलिसीत कुठला आकडा घातलाय ते बघा, आमच्यात तोच होता.

न उघडणारे पूल ६५ फुटांचे धरून चालतात, तुमच्या ५१ला काळजी नाही. उघडणाऱ्या पुलांना व्हर्जिनिया-नॉर्थ कॅरोलायनात व्हीएचएफ रेडिओच्या चॅनल १३ वर हाक मारायची, साउथ कॅरोलायनापासून ९ वर. हे कोणी सांगत नाही आणि मग माणूस पुलासमोर गोल गोल फिरत बसतो.

---

आय_९५चा_वारकरी

बोटीतलं मला ओ की ठो कळत नाही, पण गाडीचं विचारलंय म्हणून तोंड घालतो.

काकू, थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यात लहान गावात भाड्याच्या गाडीच्या भरवशावर राहू नका. मी एकदा राहिलो, कन्फर्मेशन नंबर हातात, आणि काउंटरवरची मुलगी म्हणते बुकिंग आहे पण गाडी नाही. शनिवार होता, बाराला ऑफिस बंद, सोमवारपर्यंत मी आणि सासूबाई मोटेलमधे पत्ते खेळत होतो. घ्यायचीच असेल तर एअरपोर्टवरून घ्या, तिथे निदान गाड्या असतात.

पण मला एक कळत नाही, राले सव्वादोन तासांवर आहे तर मुलगा न्यायला येईल की! त्याला कामाला लावा.

तुमची स्वतःची गाडी नाताळनंतर आणा. अटलांटाहून विमानाने बाल्टिमोर, घरून गाडी काढायची, व्हर्जिनियात लॉर्टनला जायचं आणि ॲमट्रॅकच्या ऑटो ट्रेनमधे गाडीसकट बसायचं. संध्याकाळी ५ला सुटते, मधे प्रवासी कुठेच चढत-उतरत नाहीत, दुसऱ्या दिवशी सकाळी १०च्या सुमारास फ्लोरिडात सॅनफर्डला, ८५५ मैल. सॅनफर्ड ते ब्रन्सविक तीन तासांच्या आत. फक्त जानेवारीच्या सुरुवातीला थंडीतून पळणारे सगळे म्हातारे एकदम खाली येतात (आम्ही धरून), दक्षिणेकडची तिकिटं महाग असतात, आत्ताच बघा.

आणि तीन आठवडे ताशी ६ मैलाने आल्यावर पहिल्या दिवशी आय-९५ वर काकांच्या हातात स्टिअरिंग देऊ नका.

---

दर्यावर्दी_७१

इंट्राकोस्टलचं एवढं कौतुक कशाला? शिडाची बोट घेऊन दोन आठवडे डबक्यातून इंजिन फटफटवत जायचं म्हणजे घोडा घेऊन लगाम धरून पायी चालण्यासारखं आहे. नॉर्थ कॅरोलायनातल्या बोफोर्टहून समुद्रात बाहेर पडा, दोन दिवस-एक रात्र, फार तर दोन रात्री, थेट चार्लस्टन. साधारण २०० नॉटिकल. शीड लावा, तारे बघा.

---

नांगर_टाकून_निवांत

@दर्यावर्दी_७१ दादा, मे महिन्यात मान्य. नोव्हेंबरात तिथे दर चार-पाच दिवसांनी थंडीचा फ्रंट येतो, वारा नैर्ऋत्येकडून फिरून थेट उत्तरेकडून यायला लागतो, आणि बाहेर गल्फ स्ट्रीम हा समुद्रप्रवाह उत्तरेकडे वाहतोय. म्हणजे पाणी वर आणि वारा खाली. कोकणात ओहोटीच्या वेळी खाडीच्या तोंडाशी उलटा वारा असला की काय होतं ते ज्याने बघितलंय त्याला सांगायला नको. त्यात फ्राइंग पॅन शोल्सच्या उथळ पाण्याला वळसा घालायचा, आणि बोटीवर माणसं दोनच, म्हणजे तीन-तीन तासांनी आळीपाळीने रात्रपाळी. चांगली खिडकी (म्हणजे चांगल्या हवेचे दिवस) मिळाली तर जरूर जा, पण रालेला सून वाट बघत असताना खिडकी शोधायला जाऊ नये, नसलेली पण दिसायला लागते.

---

शेगडीवरची_खिचडी

काकू, सगळे मैल मोजतायत, दिवाळीचं कोणी बोलेना! ८ तारखेला तुम्ही बहुधा बेलहेवन-ओरिएंटलच्या आसपास नांगरावर असाल. आम्ही दोन दिवाळ्या बोटीवर केल्यात.

फराळ घरून करून न्या पण चकली नेऊ नका, त्या दमट हवेत डबा कितीही घट्ट लावा, तिसऱ्या दिवशी चकलीचा रबर होतो. शंकरपाळे आणि पातळ पोह्यांचा चिवडा टिकतो, चिवडा मऊ पडलाच तर तव्यावर परतून घ्यायचा. पणती कॉकपिटमधेही लावायची नाही, गॅसची बोट आहे, मी हट्टाने एक लावली होती आणि नवरा फायर एक्स्टिंग्विशर मांडीवर घेऊन शेजारी बसला, तसलं लक्ष्मीपूजन कोणावर येऊ नये. आकाशकंदील मात्र लावा, पण पांढरा किंवा पिवळा. आमचा लाल-हिरवा होता, बूमला (शिडाखालची आडवी काठी) टांगला, आणि अर्ध्या तासात शेजारच्या बोटीवरचा माणूस डिंगीतून विचारायला आला की तुम्ही नांगरावर आहात की चालू आहात, कारण लाल आणि हिरवा म्हणजे चालत्या बोटीचे डावे-उजवे दिवे. त्याला दोन शंकरपाळे देऊन परत पाठवला, तो पुढे फ्लोरिडापर्यंत आमच्या मागेच होता.

स्वैपाक प्रेशर कुकरमधेच, शिजवायचं नसलं तरी त्यातच, झाकण लागतं म्हणून सांडत नाही.

बोट सोडून जाताना: फ्रीज रिकामा करून पुसून दार उघडं ठेवा, मधे फडकं कोंबा म्हणजे बंद होणार नाही (एकदा बंद झालं होतं, वास सांगत नाही). सीकॉक (बोटीच्या तळातल्या भोकांचे व्हॉल्व्ह) सगळे बंद, फक्त कॉकपिटचं पाणी जाणारे उघडे. बिल्ज पंप (तळात साठलेलं पाणी उपसणारा) ऑटोवर आणि बॅटरी चार्जिंगला. दोऱ्या डबल, जिथे घासतात तिथे जुन्या होजचा तुकडा चढवा. गाद्या उभ्या करून ठेवा, खाली पाणी सुटतं. आणि शेजारच्या बोटवाल्याकडे किल्ली आणि फोन नंबर, हे सगळ्यात महत्त्वाचं, कारण आमचा बिल्ज पंप अडकून चालूच राहिला होता तो शेजाऱ्यानेच ऐकला.

अजून एक, रालेला पोचल्यावर पहिले दोन दिवस मुलाच्या घराची फरशी हलेल. ब्लड प्रेशर नाही, घाबरू नका.

---

दाभोळ_खाडीवाला

वाचून मजा आली. तुमच्या इन्शुरन्सची १ नोव्हेंबर म्हणजे आमची नारळी पौर्णिमा झाली की! तोवर दर्या बंद, मग नारळ सोडायचा आणि होडी पाण्यात. आमचे आजोबा मचव्यावर तांडेल होते, मुंबईला कौलं न्यायचे. घरी निरोप काय, तर "गणपतीला नक्की येतो" असं कधी म्हणायचे नाहीत, "मुंबईहून निघालो की कळवतो" एवढंच. आजी मोदकांचं सारण करून ठेवायची, उकड मात्र आजोबा दारात दिसल्यावर.

---

चेसापीककर_काकू

सगळ्यांचे मनापासून आभार. हे सगळं ह्यांनी माझ्या खांद्यावरून वाचलं. "टर्कीचं सूप" वाचून काही बोलले नाहीत, उठून चार्ट घेऊन आले, म्हणजे मान्य आहे. दर्यावर्दीदादांचं मात्र दोनदा वाचलं, तेवढं एक भूत आता डोक्यात बसलंय.

मुलाला फोन केला. म्हणाला आई मी न्यायला येतो, विल्मिंग्टन काय आणि त्याच्या अलीकडचं पलीकडचं काय, फक्त कुठे यायचं ते आदल्या दिवशी सांगा. खाडीवाले, तुमच्या आजीची आठवण झाली. चकली बाद केली, आकाशकंदील पिवळा घेणार.

आता ब्रन्सविकचं. जॉर्जियात भरती-ओहोटी फार म्हणतात, आम्हाला चेसापीकमधे फूट-दीड फुटाची सवय. आणि लेकीला वाटतं की नाताळनंतर त्यांनीच नातवाला घेऊन खाली यावं, म्हणजे त्याला बोट बघायला मिळेल. चार वर्षांच्या पोराला लाइफ जॅकेट कुठलं घ्यायचं?

---

नांगर_टाकून_निवांत

जॉर्जियात भरती ७ ते ९ फूट. म्हणजे सकाळी जिथून गेलात तिथे दुपारी बगळे चालत असतात. हेल गेट, लिटल मड रिव्हर असल्या जागा ओहोटीला टाळायच्या, निम्मी भरती झाली आणि पाणी अजून चढतंय तेव्हा शिरायचं, म्हणजे रुतलात तरी तासाभरात तेच पाणी उचलून देतं. आम्ही लिटल मडमधे उतरत्या पाण्यात शिरलो आणि रुतलो, नावातच चिखल आहे तरी अक्कल आली नाही. सहा तास बोट एका कुशीवर, बायकोने त्या तिरक्या बोटीत खिचडी केली, शेगडी झोपाळ्यासारखी टांगलेली असते म्हणून कुकर सरळ आणि आम्ही दोघं तिरके. टो-बोटीची (रुतलेल्यांना ओढून काढणारी) वर्षाची मेंबरशिप निघायच्या आधीच घेऊन ठेवा.

---

शेगडीवरची_खिचडी

लाइफ जॅकेट वयावर नाही, वजनावर घ्यायचं. चार वर्षांचा म्हणजे बहुतेक ३० ते ५० पौंडवालं. मानेमागे कॉलर आणि दोन पायांमधून जाणारा पट्टा असलेलं बघा, नाहीतर उचलायला गेलं की जॅकेट हातात आणि पोरगं पाण्यात. आधी लेकीकडे अटलांटालाच पाठवून द्या, घरात घालून फिरू दे चार दिवस. आमचा तर ते घालूनच झोपायचा.